पावती फाडली की अभयदान झालं?



"शिह त्झू, मादी, चार वर्षं, अतिशय प्रेमळ. घरात बाळ येणार असल्यामुळे चांगल्या घरी द्यायची आहे. कोणाला हवी असल्यास कळवा." आणि शेवटी जोडलेले दोन हात.

आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा निरोप आला तेव्हा दशलक्षणाचे दिवस चालू होते. त्याच्या वर दुसऱ्या दिवशीच्या अभिषेकाची वेळ, खाली कोणाच्या तरी दहा उपवासांच्या पारण्याचं आमंत्रण, आणि मधे ही. गुलाबी पट्टा, डोळ्यांवर केस, जीभ थोडी बाहेर. दहा-बारा जणींनी रडके चेहरे पाठवले. "किती गोड गं" असं एकीने लिहिलं. "आमच्याकडे जमणार नाही, सासूबाईंचं शुद्धीचं असतं," असं दुसरीने. मीही त्या दिवशी काही लिहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी निरोप पुसला गेला आणि सगळ्यांना वाटलं, मिळालं वाटतं घर.

क्षमावणी झाल्यावर चौथ्या दिवशी पहाटे पुजाऱ्यांचा फोन आला. बस्तीच्या मागच्या फाटकाला कोणीतरी कुत्री बांधून गेलं होतं. गुलाबी पट्टा.

ती कोणाची, हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. पण नाव लिहिणार नाही, कारण नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्या सुटतात. चार दिवसांपूर्वी त्याच बस्तीत आपण सगळ्या एकमेकींपुढे हात जोडून उभ्या होतो आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांची क्षमा मागत होतो. त्यातला एक जीव ग्रुपवर फोटोसकट आला होता.

डॉक्टरांनी तिचे केस कापले तेव्हा पोटाखालच्या जटा घोंगडीच्या तुकड्यासारख्या एकसंध निघाल्या. खाली कातडी लाल, ओली. शिह त्झूचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर महिन्याभरात गाठी धरतात आणि प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. पण मला जे विसरता येत नाही ते वेगळंच आहे. तिचे आचळ लोंबत होते. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वेळा तरी व्यालेली आहे. म्हणजे "अतिशय प्रेमळ" असलेली ही बाई आधी पिल्लं देत होती, ती पिल्लं हजारोंना विकली जात होती, आणि आता घरात माणसाचं पिल्लू येणार म्हणून तिला जागा नव्हती.

मैत्रिणींनो, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पर्वात दरवर्षी वाचला जातो. मी ते शब्द त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून पुन्हा म्हटले. फाटकाला बांधून पाणीसुद्धा न ठेवता निघून जाणं, हा बंध आणि अन्नपाननिरोध. दिसायला छान म्हणून शेपटी किंवा कान कापणं, हा छेद. अतिभार म्हटलं की आपल्याला बैलगाडी आठवते. पण पाच किलोच्या कुत्रीला लागोपाठ गाभण ठेवणं हा भार नाही तर काय आहे? हे अतिचार व्रत घेतलेल्या श्रावकासाठी सांगितलेत. कसायासाठी नाहीत. आचार्यांना माहीत होतं की हे आपल्याच घरात घडणार आहे.

पिल्लू विकत घेणाऱ्या आपणच आहोत. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि पांढऱ्या केसाळ टफीसारखा कुत्रा घरोघरी हवासा झाला. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागून धावणारा पग आला आणि पगची लाट आली. ज्याचं नाक चपटं, ज्याला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, असं जनावर आपण मे महिन्यात सांगली-सोलापुरात आणून ठेवलं. आता शिह त्झू. मुलीच्या वाढदिवसाला, मुलगा दहावी पास झाला म्हणून, नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. लॉकडाऊनमध्ये तर मुलांना विरंगुळा म्हणून आणलेली पिल्लं शाळा सुरू झाल्याबरोबर जड झाली. पिल्लू बारा-पंधरा वर्षं जगतं, हे घेताना कोणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटून पाहणाऱ्या आपण, पिल्लाची आई कुठे आहे, तिला दाखवा, एवढं म्हणत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणीचा कागद मागितलेली एक तरी बाई मला दाखवा.

आणि सोडून दिलं तर? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात भुकेने-तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास. बस्तीत श्रीफळ चढवायला त्याहून जास्त लागतात. म्हणजे कायद्याच्या भीतीने हे थांबणार नाही. थांबलं तर आपल्या लाजेने थांबेल.

आता तुमचे आक्षेप घेते. सगळे ऐकलेत, काही माझ्याच तोंडून.

पहिला, "आम्ही पांजरापोळाला देतो ना." देता, मीही देते. पर्वात बोकड सोडवायला वर्गणी काढतो आणि पावतीवर 'अभयदान' असं छापलेलं असतं. त्या दानाला मी नावं ठेवत नाही. पण आपल्या भागातल्या पांजरापोळात गाई, बैल, म्हशी, बकऱ्या. तिथे हा चार-पाच किलोचा जीव कुठे ठेवायचा? तो गोठ्यात जगत नाही. रस्त्यावर तर नाहीच. गल्लीतली कुत्री त्याला आपल्या हद्दीत पाऊल टाकू देत नाहीत आणि शिळ्या तुकड्यासाठी झगडायचं कसं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. माणसाने त्याला माणसाच्या घरासाठीच घडवलंय. त्याला देण्यासारखं अभय एकच, घराचं दार.

गंमत अशी, की मुंबईची जुनी पांजरापोळ मुळात कुत्र्यांमुळेच निघाली. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, त्यावरून १८३२ मध्ये पारशांनी शहरात दंगा केला, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाय आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांनी पांजरापोळ उभी केली. भायखळ्याचं आदीश्वराचं देऊळ आणि शत्रुंजयावरची मोतीशा टूंक ज्यांची, तेच हे. त्यांचं नाव घेताना आपण देवळांचं घेतो. कुत्र्यांचं विसरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो एका अभ्यासू काकींनी काढला. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' आहे, म्हणजे कुत्री-मांजरं वगैरे पोसणं. तेव्हा कुत्रा पाळणं हेच दोषाचं, असं त्यांचं म्हणणं. काकी, तुमचा मान राखून सांगते, ती यादी उपजीविकेच्या धंद्यांची आहे. लाख, हस्तिदंत, विष विकणं ज्या यादीत आहे, त्याच यादीत पोटासाठी जनावरं पोसणं आहे, आणि केसाळ जीवांचा व्यापार म्हणजे केशवाणिज्यही आहे. मग ती यादी कोणाला लागू होते? पंधरा-वीस हजारांना पिल्लं विकणाऱ्याला, आणि त्याचं गिऱ्हाईक होणाऱ्या आपल्याला. टाकून दिलेल्या जीवाला दोन वेळा वाढणाऱ्या बाईवर ती यादी उगारायची, हा शास्त्राचा उपयोग नाही, आडोसा आहे.

तिसरा, "तो मांस खाणार, मग आमच्या घरात कसं?" हा प्रश्न मला कधी क्षुल्लक वाटला नाही. तीन वर्षांत माझ्याकडे येऊन पुढे घरी गेलेले सगळे कुत्रे माझ्या घरात शाकाहारीच जेवले. मांजराचं तसं नसतं, मांजराला मांसाशिवाय चालत नाही, म्हणून मी मांजर घेत नाही. कुत्र्याला धान्य पचतं. पण नुसता दूध-पोळीचा काला करून घातलात तर तो अशक्त होईल, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध सोसतही नाही. डाळ नीट शिजवून, पनीर, दही, भात, दुधी-गाजर, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बाजारातलं तयार शाकाहारी खाद्य. गाजर आपण खात नाही, मी त्याच्यासाठीही घेत नाही, भोपळ्यावर भागतं. एखाद्याला डॉक्टरांनी नाही म्हटलं तर तो कुत्रा तुमच्या घरचा नाही, दुसरं घर शोधू. त्याला उपाशी ठेवून आपलं व्रत पाळायचं नाही.

आणि एक सांगू? कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरापेक्षा आपलं स्वयंपाकघर त्याला सुरक्षित. फक्त द्राक्षं आणि बेदाणे जमिनीवर पडू देऊ नका, त्याने मूत्रपिंड निकामी होतं. तासगावकडच्या बायकांनी विशेष लक्ष द्या, तुमच्याकडे बेदाण्यांची पोतीच असतात. त्याचं दुसरं जेवण मी सूर्यास्ताआधी देते, त्यालाही सवय होते. पाणी मात्र रात्रभर ठेवते. रात्री पाणी न पिण्याचा नियम मी घेतलाय, त्याने नाही.

चौथा आक्षेप चौक्याचा. "महाराजांचा आहार होतो आमच्याकडे, एक केस निघाला की अंतराय." खरं आहे. आहारात केस निघून महाराज उपाशी परतले तर आपल्याला आठवडाभर घास गोड लागत नाही. माझ्याकडेही चौका लागतो. त्या दिवशी कुत्रा पहाटेपासून दिराकडे असतो, चौक्याची खोली कायमची वेगळी आहे आणि तिथे तो वर्षातून एकदाही जात नाही. ज्यांचं घर दोन खोल्यांचं आहे आणि चौका वारंवार लागतो, त्यांनी कुत्रा घेऊ नये, मी आग्रह करणार नाही. पण हे कारण सांगणाऱ्या दहांपैकी किती जणींकडे वर्षात एकदा तरी चौका लागतो, हे आपल्याला एकमेकींचं चांगलं माहीत आहे.

शुद्धीचं म्हणाल तर जीवंधरकुमाराची गोष्ट आठवा. क्षत्रचूडामणीत आहे, पाठशाळेत सांगितलेली. यज्ञाच्या अन्नाला कुत्र्याने तोंड लावलं म्हणून त्याला मरेस्तोवर मारलं, ते शुद्धीसाठीच. आणि जीवंधराने मरत्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला, तो यक्ष झाला. गोष्ट ऐकताना आपण सगळ्या स्वतःला जीवंधराच्या जागी बसवतो. समंतभद्र आचार्यांनीही रत्नकरंडकात, धर्माने कोण कुठे पोचतो हे सांगायला कुत्राच निवडला, की धर्माने तो देव होतो आणि पापाने देवाचा कुत्रा. दुसरा एखादा सुंदर प्राणी त्यांना सुचला नसता असं थोडंच आहे.

आता जिथे माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही ते. नसबंदी. कर्मादानांत 'निर्लांच्छन' आहे, जनावरांना डागणं, खच्ची करणं. ते धंद्यासाठी, हे वरचंच उत्तर इथेही देता येतं, पण देताना जीभ थोडी अडखळते. तरी मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मादीची नसबंदी करून मगच घर देते. कारण दोन. न व्यालेल्या-व्यालेल्या कुठल्याही मादीला वय झालं की गर्भाशयात पू होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. आणि "फुकट द्यायची आहे" अशा निरोपाला सगळ्यात आधी उत्तर देतात ते पैदास करणारे. गोड बोलतात, बायको-मुलांसकट येतात, आणि कुत्री पुन्हा पिंजऱ्यात जाते. हे मी एका माताजींना विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि "तुझा भाव काय आहे तो तू बघ" एवढंच म्हणाल्या. मी तो दर वेळी बघते.

गोचीड-पिसवांचंही तसंच. औषध लावलं की ते जीव मरतात. आरंभी म्हणा, विरोधी म्हणा, हिंसा आहे, आणि मी ती प्रतिक्रमणात धरते. रोज बारीक फणी, कोरडं अंथरूण, उन्हं दाखवणं यांनी औषध लावायची वेळ कमी येते. पण या मुद्द्यावर मला ऐकवणाऱ्यांना एवढंच विचारते, मुली शाळेतून उवा घेऊन आल्या तेव्हा मुलींना फाटकाला बांधून आलात का?

सोसायटीचं कारण मात्र सांगू नका. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. घाण उचलायची, लिफ्टमध्ये पट्टा धरायचा, एवढं केलं की कमिटीचे काका दोन महिन्यांत स्वतः बिस्किट घेऊन येतात. बिस्किट घेऊ नका.

२०२५ च्या जुलैअखेर नांदणी मठाची माधुरी वनताराला नेली तेव्हा आपण रडलो. ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरपर्यंत माणसं चालत गेली, त्यांत आपल्या आज्या होत्या, पायांत गोळे आलेल्या. मठात ती तीन दशकांहून जास्त राहिली, घरची झाली, म्हणून ते दुःख. त्या हत्तिणीबद्दल कोण बरोबर हा वाद मला इथे काढायचा नाही. मला एवढंच खुपतं की घरच्या झालेल्या जीवाला घराबाहेर काढलं की काय होतं, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको होतं. आणि त्याच वर्षी, त्याच तालुक्यांतून, माझ्याकडे पाच कुत्रे आले. पाचही सुशिक्षित घरांतले, एकाच्या गळ्यात तर चांदीचा घुंगरू होता.

देणं भागच असेल, तेही असतं, आजारपण येतं, नोकरी जाते, नवऱ्यामागे घर विकावं लागतं, तर नीट द्या. दोन महिने आधी सांगा, बाळंतपणाच्या आठवड्यात नाही. लसी, जंतांचं औषध, नसबंदी, सगळं पूर्ण करून द्या आणि दवाखान्याची फाइल सोबत द्या. चावतो का, एकटा राहिला की रडतो का, फटाक्यांना घाबरतो का, हे खरं सांगा. लपवलंत तर आठ दिवसांत परत येतो आणि परत आलेला कुत्रा दुसऱ्यांदा मन लावायला फार वेळ घेतो. घेणाऱ्याच्या घरी स्वतः जाऊन या. घरातला जो माणूस गप्प बसलेला असेल, त्याला विचारा. पंधरा दिवस चाचणीचे ठेवा. त्याचं अंथरूण न धुता सोबत द्या, वासाने तो झोपतो. आणि घेणाऱ्या असाल तर पिल्लासाठी अडून बसू नका. सात वर्षांच्या कुत्र्याला बाहेर कुठे जायचं असतं ते कळतं, सोफा कुरतडत नाही, आणि आपल्यासारखाच दुपारी झोपतो.

गुलाबी पट्टेवालीला मिरजेत घर मिळालं. एक निवृत्त शिक्षिका, एकट्या, रोज दोनदा सामायिक करणाऱ्या. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत ती त्यांच्या आसनाशेजारी हलत नाही, असं त्या सांगतात. मला हे थोडं वाढवून सांगितल्यासारखं वाटतं. पण केस त्या रोज विंचरतात, ते मी पाहून आले.

सध्या माझ्या मागच्या पडवीत एक पग आहे. नर, अंदाजे आठ वर्षांचा, डावा डोळा गेलेला, उजवा चांगला. घोरतो. मोठ्या आवाजात घोरतो. दुपारी अकरा ते पाच त्याला पंख्याखाली थंड फरशी लागते, दिवसातून एकदा तोंडावरच्या घड्या कोरड्या फडक्याने पुसाव्या लागतात, डोळ्यात दोनदा थेंब. जिने चढवत नाही, तळमजला किंवा लिफ्ट हवी. वरण-भात आणि दुधीवर खूश आहे. मंडळात ज्यांना विचार करायचा असेल त्यांनी घरी या, आधी सासूबाईंना विचारून या. शक्यतो त्यांना घेऊनच या. मी आधी त्यांच्याशी बोलणार आहे.